डावं इंजिन बंद करताना

दोन इंजिनांच्या विमानावर शिकायला गेलं की पहिल्याच दिवशी सांगतात, एक इंजिन बंद पडलं तर त्याचा नाद सोडायचा. एका इंजिनाच्या विमानात तसं नसतं. तिथे बंद पडलेलं इंजिनच पुन्हा सुरू होतं का ते पाहायचं, आणि नाही झालं तर खाली एखादं मोकळं शेत शोधायचं. मी त्या लहान विमानात दोनशे तास काढले होते. दोन इंजिनांत मात्र बंद पडलेलं इंजिन नुसतं निकामी नसतं, ते ओझं होतं. त्याचा पंखा वाऱ्याने फिरत राहतो आणि विमानाला मागे ओढतो. एका बाजूचं इंजिन पुढे रेटतं, दुसऱ्या बाजूचं मागे खेचतं, आणि विमानाचं नाक मेलेल्या बाजूकडे वळायला लागतं.

तेव्हा करायचं ते एवढंच. नाक सरळ राहील असा पायाने पेडलवर जोर द्यायचा. मग कुठला पाय मोकळा आहे ते पाहायचं. मोकळा पाय डावा असेल तर डावं इंजिन मेलेलं. खात्रीसाठी त्या बाजूचं थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारी लिव्हर, हळूच मागे घ्यायचं. विमानाला काही फरक जाणवला नाही, तर तेच. मग त्याच बाजूची निळ्या मुठीची लिव्हर पूर्ण मागे ओढायची, म्हणजे पंख्याची पाती वाऱ्याकडे धार करून उभी राहतात आणि पंखा थांबतो. याला फेदर करणं म्हणतात. ओळखायचं, खात्री करायची, फेदर करायचं. सहा-सात सेकंदांचं काम आहे.

मेलेलं हा शब्द माझा नाही. शिकवण्याच्या पुस्तकातही तोच आहे.

धावपट्टी आमच्या जिल्ह्याबाहेर होती, गावाहून एसटीने चार तास. आमचं गाव मोताळा तालुक्यात. वडील मी पाच वर्षांची असताना गेले, आई मी बारावीला असताना. माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा भाऊ आणि वहिनी यांनी मला वाढवलं. मी घरात पुस्तक घेऊन बसणारी, फारसं न बोलणारी मुलगी होते. गावात मला विमानाचं वेड कुठून लागलं हे कुणाला कळलं नाही, मलाही नीट सांगता येत नाही. भावाने कधी विचारलं नाही. तो एवढंच म्हणायचा, "तू शीक. मी पाहून घेतो." लायसनवर दोन इंजिनांची नोंद झाल्याशिवाय कुठलीही कंपनी दारात उभं करत नाही. ती नोंद एवढीच काय ती राहिली होती.

पहिल्या दोन उड्डाणांत माझी एक चूक झाली, आणि ती चूक दुसऱ्या कुणाची झाली असेल असं वाटत नाही. शिकवणारे सर डावं इंजिन गुपचूप कमी करायचे. नाक डावीकडे वळायचं. आणि माझा हात पायाच्या आधी डाव्या थ्रॉटलकडे जायचा आणि ते पुढे ढकलत राहायचा.

"काय करतेस?" सरांनी विचारलं.

"पुढे ढकलतेय."

"मेलेल्याला?"

सर हवाई दलातून निवृत्त झालेले, नागपूरचे. आवाज कधी चढवायचे नाहीत, त्यामुळे जास्त लागायचं. खाली उतरल्यावर म्हणाले, "हा हात कुठे शिकलीस?"

त्या संध्याकाळी भावाला फोन केला तेव्हा मला कळलं कुठे शिकले ते.

"काय व पायलट, उडाली का आज?"

"उडाले. बोलणी खाल्ली."

"काऊन?"

मी सगळं सांगितलं. तो ऐकत होता. गोठ्यातच उभा असावा, पाण्याची बादली ठेवल्याचा आवाज आला. मग हसायला लागला.

"बराबर हाय तुयं. डवऱ्यावर तू तेच करे. डावा माघारला का हानली त्याच्या पाठीत काठी. किती खेपा सांगतलं तुले, माघारल्याले मारू नको बाई, तो बसते. जो पुढं ओढून राह्यला त्याले कासऱ्यानं आवर."

"विमानात कासरा नसतो दादा."

"मंग कायचं विमान थे."

गावात बहुतेकांकडे ट्रॅक्टर आले तरी त्याने एक जोडी ठेवली होती. कपाशीच्या तासांतून तण काढणारा डवरा न्यायला बैलच लागतात, असं म्हणायचा. शाळेत असताना सुट्टीच्या दिवशी मी डवऱ्यामागे चालायचे. एक बैल मागे पडला की डवरा त्याच बाजूला सरकायचा आणि पीक तुटायचं. मी मागे पडलेल्याला मारायचे. माझा हात तिथे तयार झाला होता.

दुसऱ्या दिवशी मी ते सरांना सांगितलं. वाटलं हसतील. ते थांबले आणि म्हणाले, "वेग तबकडीवरच्या लाल रेषेच्या खाली गेला आणि विमान पालथं व्हायला लागलं, तर काय करायचं असतं माहितीये? चालू इंजिनाचीच पॉवर कमी करायची आणि नाक खाली घ्यायचं. पुढच्या आठवड्यात शिकवणार होतो. तुझ्या भावाला एकदा आण इकडे."

भावाला निरोप दिला. तो म्हणाला, "येतो. येवढा कापूस निंघू दे."

तिसरं उड्डाण बरं झालं. चौथंही. हात थांबायला शिकत होता. पाचव्याच्या आदल्या दिवशी दुपारी वहिनीचा फोन आला. दादा शेतातून आला, ओसरीवर डोकं धरून बसला, पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत तोंड वाकडं झालं होतं.

बुलढाण्याच्या दवाखान्यात तो चार दिवस होता. मेंदूत रक्तस्राव झाला होता. बाकीच्यांना डॉक्टर समजावून सांगत, मला नुसतं सांगत. मला इंग्रजी कळतं, कागद वाचता येतात, एवढ्यावरून घरातली मोठी मी झाले. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी तपासण्यांचे कागद माझ्या हातात दिले. मी ते सावकाश वाचले. शब्दांचे अर्थ सगळे लागत होते. श्वास मशीन घेत होतं, आणि मशीन काढल्यावर तो घेणार नव्हता.

काका, म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, म्हणाले, "घरी नेऊ. मानूस घरून जाये पाह्यजे."

आमच्याकडे हे नवीन नाही. दवाखान्यात आशा संपली की माणसाला श्वास चालू असताना गावी आणतात, अंगणात उतरवतात, तोंडात पाणी घालतात, आणि मग नळी काढतात. सगळ्यांना माहीत असतं, कुणी त्याला नाव देत नाही. घरी नेण्याच्या कागदावर वहिनीने सही केली. तिच्याखाली मी केली.

रुग्णवाहिकेत मशीन नव्हतं. रबरी फुगा होता, नळीला जोडलेला. बरोबरच्या माणसाने मला दाखवलं, "पाच मोजायचे, दाबायचं. पाच मोजायचे, दाबायचं." तो ऑक्सिजनचं सिलिंडर धरून बसला. राजूर घाटात गाडी वळणं घेत होती. मी एका हाताने फुगा दाबत होते आणि दुसरा हात त्याच्या मानेवर होता, नाडीवर. उजव्या हाताला पेटके आले तरी मी तो फुगा कुणाला दिला नाही. त्या सगळ्या रस्त्यात मला एकच समाधान होतं, की मी काही तरी करते आहे. त्याची छाती वर येत होती ती माझ्यामुळे.

अंगणात सतरंजी टाकली होती. माणसं जमली होती. वहिनी त्याचे पाय मांडीवर घेऊन बसली. तोंडात पाणी घातलं, तुळशीचं पान ठेवलं. काका माझ्याजवळ वाकले आणि म्हणाले, "झालं बाई. सोड आता."

मी अजून तीनदा दाबला. मग सोडला.

बायकांचा रडण्याचा आवाज उठला. काकांनी घड्याळ पाहिलं. सगळ्यांच्या लेखी तो त्या क्षणी गेला. माझा डावा हात मात्र त्याच्या मानेवरच होता, आणि बोटांखाली नाडी चालत होती. माझी मोजायची सवय. मी मोजत राहिले. कुणी माझ्या गळ्यात पडत होतं, कुणी मला उठवत होतं, मी हात काढला नाही. नऊ मिनिटं. फुगा माझ्या गुडघ्याजवळ पडला होता.

त्या नऊ मिनिटांत मी तो कितीदाही उचलू शकले असते.

हे मी कुणाला सांगितलं नाही. तेरा दिवस लोक येत होते. एक लांबची मावशी माझ्यासमोर शेजारणीला म्हणाली, "पोट्टी विमानं उडवते म्हने, अन् भाऊ काई वाचवता नाई आला." शेजारीण म्हणाली, "तिचं काय चालते मावशी त्यात." मला मावशीचा राग आला नाही. तिने निदान माझ्याकडून काही अपेक्षा धरली होती.

चौदाव्या दिवशी मी परत गेले. वहिनीनेच पाठवलं. शिकवण्याचं दोन इंजिनांचं विमान तिथे एकच होतं आणि महिनाअखेर ते मोठ्या दुरुस्तीला जाणार होतं. त्याआधी मला पुरं करायचं होतं.

सरांनी सहा हजार फुटांवर डावं इंजिन कमी केलं. नाक डावीकडे वळलं. पाय बरोबर गेला. "डावा पाय मोकळा," मी म्हणाले. "डावं इंजिन." खात्रीसाठी डाव्या थ्रॉटलवर हात ठेवला, ते मागे घेतलं, विमानाला काही जाणवलं नाही. इथपर्यंत सगळं नीट होतं. आता हात निळ्या मुठीवर जायचा होता. तो थ्रॉटलवरच राहिला. ढकलत नव्हता, ओढत नव्हता. धरून होता. मी मनात मोजत होते: एक, दोन, तीन, चार, पाच. आणि पाचाला माझी मूठ आवळायची.

"फेदर," सर म्हणाले.

एक, दोन, तीन, चार, पाच.

"फेदर कर."

शेवटी त्यांनीच केलं. पुन्हा एकदा दिलं, तेच झालं. दुसऱ्या दिवशीच्या उड्डाणातही तेच. वेग उतरत होता, आम्ही खाली येत होतो, आणि मी इतक्या शांतपणे ते इंजिन धरून बसले होते की सरांना आधी वाटलं मी विचार करते आहे.

उतरल्यावर आम्ही हँगरच्या सावलीत उभे होतो. भाऊ गेल्याचं त्यांना माहीत होतं, त्यापलीकडचं काही माहीत नव्हतं.

"आधी तू त्याला ढकलत होतीस," ते म्हणाले. "त्यावर उपाय होता. आता तू त्याला धरून बसतेस. टेकऑफला हे झालं तर सहा सेकंदांत जमीन आहे." मग म्हणाले, "आठ दिवस घरी जा. खुर्चीवर बसून कर. डोळे मिटून कर. आलीस की एक उड्डाण. नाही जमलं तर मला लिहावं लागेल की हिला या विमानावर पुढे नेता येत नाही. आणि ते मी लिहीन."

मी घरी आले. वहिनीला सांगितलं तसंच, आडपडदा न ठेवता, फक्त मूठ का आवळते ते सोडून. तिने विचारलं, "खुर्चीवर कसं करतात थे?"

प्लास्टिकची खुर्ची ओसरीवर भिंतीकडे तोंड करून ठेवली. पायांखाली पेडलऐवजी दोन विटा. लिव्हरी सहा लागतात, प्रत्येक इंजिनाच्या तीन. वहिनीने तुऱ्हाटीच्या सहा काड्या सारख्या मोडल्या, गव्हाच्या डब्यात उभ्या खोचल्या आणि जुन्या चिंध्या बांधल्या: थ्रॉटलच्या दोन काळ्या, फेदरच्या दोन निळ्या, इंधनाच्या दोन लाल. मी कागदावर मराठीत क्रम लिहून दिला. ती माझ्या मागे पाटावर बसायची आणि वाचायची. केव्हा कुठलं इंजिन बंद पडणार हे तिने ठरवायचं. मी सांगितलं होतं, "डावं मेलं" किंवा "उजवं मेलं" असं म्हण.

ती काही तसं म्हणाली नाही. म्हणाली, "डावं थकलं."

मी मागे वळून पाहिलं.

"पाह्यता काय? थकलं म्हटलं. पाय कुठी हाय तुमचा?"

पहिल्या दिवशी ते नीट झालं नाही. काडीसुद्धा माझ्याने ओढवेना. गव्हात खोचलेली तुरीची काडी. मी काळ्या चिंधीवर हात ठेवून बसायचे. वहिनी वाट पाहायची, मग म्हणायची, "झोपल्या का ताई?" दुसऱ्या दिवशी कापूस वेचणाऱ्या दोन बाया दाराशी थांबून पाहत होत्या. एक म्हणाली, "काय खेळून राह्यल्या?" वहिनी म्हणाली, "विमान." ती बाई म्हणाली, "बसू द्या आम्हालेबी." वहिनी हसली. तेरावा झाल्यापासून ती पहिल्यांदा हसली होती, आणि हसल्यावर घाईने पदर तोंडावर घेतला.

तिसऱ्या दिवशी क्रम वाचता वाचता ती थांबली.

"हे खात्री म्हंजे काय?"

"बंद करायच्या आधी पाहायचं, खरंच मेलंय का. नाहीतर चुकून चांगलं इंजिनच बंद होतं."

"अन् मंग?"

"मग दोन्ही गेली."

ती कागद हातात धरून होती. ओसरीवर ऊन आलं होतं. ती म्हणाली, "ताई, तुम्ही फुगा सोडला तवा ते होते का?"

मी भिंतीकडे तोंड करून बसले होते. खोटं बोलणं सोपं होतं, तिला माझा चेहरा दिसत नव्हता. पण इतके दिवस ती मागे बसून मला विचारत होती, पाय कुठे आहे, हात कुठे आहे, आणि मी खरं सांगत होते.

"होता," मी म्हणाले. "नाडी होती."

"किती येळ?"

"नऊ मिनिटं."

कागद पाटावर ठेवल्याचा आवाज आला. ती आत गेली. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी तिने मला जेवायला वाढलं, पाणी दिलं, पण बोलली नाही. मी एकटीच खुर्चीवर बसायचे. कुणी सांगणारं नसलं की कुठलंच इंजिन बंद पडत नाही. मी नुसतं सरळ उडत राहायचे, भिंतीकडे. वाटायचं, सरांनी काय लिहायचं ते लिहावं. मी इथेच राहावं, कापूस वेचावा, तिच्या नजरेसमोर असावं. ती मला काही म्हणाली असती तर मी ते केलं असतं. ती काहीच म्हणत नव्हती.

पाचव्या दिवशी दुपारी ती येऊन पाटावर बसली.

"काकाजीले मीच मान हालवली."

मला कळलं नाही.

"त्यायनं तुम्हाले सोड म्हटलं ना, त्याच्या आधी माह्याकडं पाह्यलं. समदे लोकं पाहून राह्यले होते. मी मान हालवली." ती तुऱ्हाटीच्या काड्यांकडे बघत होती. "मांडीवरचे पाय गरम होते त्यायचे. मले कयत होतं. पन मले वाटलं, तुम्ही आयकनार नाही. तुम्ही शिकलेल्या. दवाखान्यात डॉक्टर तुमच्याशीच बोले. मले वाटलं, ताई म्हनतीन, थांबा, आनखी थोडं. तुम्ही त लगेच सोडलं."

"तीनदा दाबलं, वहिनी."

"मी नाही मोजलं."

मी सगळं काकांच्या त्या शब्दावर टाकलं होतं. काकांनी तिच्या मानेवर टाकलं होतं. तिने माझ्या शिक्षणावर. तिघांत कुणीतरी दुसरा थांबवेल असं प्रत्येकाला वाटलं होतं.

"आणि मी नसतं सोडलं तर?" मी विचारलं.

"त मी तुमच्यावर चिडली असती," ती म्हणाली. "लोकाईसमोर काऊन हाल करता म्हनून बोलली असती. पन चिडता तरी आलं असतं."

तिने मला माफ केलं असं मी लिहिणार नाही. तसं काही झालं नाही. मीही तिच्याकडे मागितलं नाही. तिने डब्यातली डावी काळी काडी मागे ढकलली.

"डावं थकलं," ती म्हणाली.

मी पाय दिला. मोकळा पाय सांगितला. खात्री केली. निळी चिंधी धरली आणि ओढली. गहू सरकल्याचा बारीक आवाज झाला. माझ्या हाताने ते केलं याचं मला भय वाटलं. ती म्हणाली, "उजवं थकलं." मग पुन्हा डावं. संध्याकाळच्या दिवाबत्तीपर्यंत ती थांबली नाही आणि मीही नाही. तिच्या आवाजात माया नव्हती. एखादं काम अंगावर घेतल्यावर जसं करतात तसं ती ते करत होती. आमच्या दोघींकडे तेवढंच करण्यासारखं होतं.

आठव्या दिवशी मी परत गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उडालो. सरांनी आज लिव्हरींपुढे पुठ्ठा आडवा धरला होता, म्हणजे ते कुठलं इंजिन बंद करतात ते मला दिसू नये; माझा हात त्याच्या खालून लिव्हरींपर्यंत जात होता. सहा हजार फुटांवर त्यांनी दूर क्षितिजाकडे काहीतरी दाखवलं, आणि विमान डावीकडे गेलं.

उजवा पाय. "डावा पाय मोकळा. डावं इंजिन."

थ्रॉटल मागे. काही फरक नाही. "खात्री."

एक, दोन. मी मोजायला लागले होते. बोटं आवळायला लागली होती. मला माहीत होतं की पाचापर्यंत गेले तर मी तिथेच राहीन. तिनावर मी हात उचलला, निळी मूठ धरली आणि शेवटपर्यंत मागे ओढली.

सरांनी पुठ्ठा बाजूला केला. या वेळी त्यांनी इंजिन नुसतं कमी केलेलं नव्हतं, खरोखरच बंद केलं होतं. पंखा हळू झाला, त्याची पाती सुटी सुटी दिसायला लागली, आणि तो थांबला. मी थांबलेला पंखा आकाशात कधी पाहिला नव्हता. एक पातं सरळ उभं होतं, त्याच्या कडेला उडालेला रंग दिसत होता. अर्ध्या विमानात शांतता होती.

"सात सेकंद," सर म्हणाले. "ठीक आहे. धर असंच."

पाच-सात मिनिटं आम्ही एका इंजिनावर गेलो. उजवा पाय मी दाबूनच धरला होता. जमलं होतं, आणि जमलं याचा आनंद कुठेच नव्हता. मी शोधला, नव्हता. हात पुन्हा एकदा तेच करून मोकळा झाला होता, आणि या वेळी कुणी सांगितलं म्हणून नाही.

"आता सुरू कर," सर म्हणाले.

"सर, असंच उतरलं तर?"

"का? चांगलं इंजिन आहे. सुरू कर."

मी यादी वाचली. लाल मूठ, निळी मूठ पुढे, स्टार्टर. पात्यांनी अंग वळवलं, पंखा एकदा अडखळला, काळा धूर सुटला, आणि इंजिन लागलं. पाय सैल करावा लागला, कारण नाक आता उजवीकडे जायला लागलं होतं. सर खिडकीबाहेर पाहत रेडिओवर बोलत राहिले, गरजेपेक्षा थोडं जास्तच बोलले. मी तोवर डोळे पुसून घेतले.

उतरल्यावर त्यांनी वहीत सही केली आणि उद्याची वेळ सांगितली. मी वहिनीला फोन लावला.

"जमलं," मी म्हणाले.

"जमलं का." मग, "बंद केलं?"

"केलं. पंखा पूर्ण थांबला."

"मंग उतरल्या कश्या?"

"परत सुरू केलं ना वरच. शिकताना करतात."

"परत सुरू झालं?"

"हो."

तिच्याकडे वेचणीच्या बायांची बोलणी ऐकू येत होती, कुणीतरी गाठोडं कुठे ठेवायचं ते विचारत होतं.

"मंग थे मेलं नव्हतंच," ती म्हणाली.

"नाही, वहिनी. आम्हीच बंद केलं होतं."

बोलून गेल्यावर मला माझेच शब्द ऐकू आले. मी काही जोडायला गेले, जमलं नाही. फोन तिने ठेवला नाही आणि मीही ठेवला नाही. ती बाई पुन्हा गाठोड्याचं विचारत होती, आणि वहिनी तिलाही उत्तर देत नव्हती.